नावाचे भाडे : इंटरनेटवरील पत्त्याला पैसे का पडतात?

१/
गेल्या वर्षी आमचे एक संकेतस्थळ हरवले. पदव्युत्तर वर्गातील आम्ही पाच जणांनी तीन वर्षे गावोगाव हिंडून वीरगळ आणि सतीशिळांची छायाचित्रे, मापे व स्थाननोंदी गोळा केल्या होत्या. त्या सर्व एका पत्त्यावर ठेवल्या होत्या. पत्त्याचे वार्षिक शुल्क ज्या मित्राच्या बँक कार्डावरून जात असे, त्या कार्डाची मुदत संपली. स्मरणपत्रे त्याच्या जुन्या ईमेलवर पडून राहिली. आज त्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात उघडते.

२/
छायाचित्रांच्या प्रती आमच्याकडे होत्या, त्यामुळे संग्रह वाचला. गेला तो केवळ पत्ता. मात्र माझ्या प्रबंधिकेच्या अकरा तळटीपांत तोच पत्ता छापलेला आहे. ज्या गावांतल्या वडीलधाऱ्यांनी आम्हाला शिळा दाखवल्या, त्यांच्या नातवंडांच्या फोनमध्येही तोच आहे. नवा धारक तो परत देण्यासाठी दोन हजार डॉलर मागतो. आम्ही भरायची राहिलेली रक्कम होती सुमारे एक हजार रुपये.

३/
तेव्हापासून तीन प्रश्न मनात घोळत आहेत. जे नाव आम्हीच जुळवले, त्याचे पैसे द्यायचेच कशाला? ते पैसे जातात कोणाकडे? आणि एका वर्षी न भरल्यास ते नाव आमचे का राहत नाही? उत्तर तंत्रज्ञानात शोधायला गेलो आणि सापडले इतिहासात. आजचा धागा त्यावर.

४/
आरंभी एक मूलभूत गोष्ट. इंटरनेटवरील यंत्रे परस्परांना आकड्यांनी ओळखतात. माणसांना आकडे लक्षात राहत नाहीत, नावे राहतात. म्हणून कोणीतरी वही ठेवावी लागते : या नावाचा हा आकडा. ही वही सर्वांची एकच असावी लागते, कारण एकाच नावाचे दोन धनी निघाले तर टपाल कोणाकडे जाईल याचा भरवसा उरत नाही. या धाग्यातील सर्व घटना त्या एका वहीभोवती घडतात.

५/
१९६९ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर आर्पानेट सुरू झाले. १९७० च्या दशकात त्याची वही कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे, स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या माहिती केंद्रात ठेवली जाई. केंद्राच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर; सहकारी त्यांना ‘जेक’ म्हणत. नवे यंत्र जोडायचे असले की केंद्राला कळवायचे. केंद्र यादीत एक ओळ वाढवी आणि सारी यंत्रे ती यादी उतरवून घेत.

६/
या नोंदणीला एक पैसाही पडत नसे. ‘फुकट’ हा शब्द मात्र इथे जपून वापरावा लागतो. फाइनलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे वेतन होते, यंत्रांचा खर्च होता. तो सारा संरक्षण खात्याच्या तिजोरीतून होई. नाव घेणारा देत नव्हता, अमेरिकी करदाता देत होता. वही ठेवण्याचा खर्च पहिल्या दिवसापासून आहे; पुढच्या पन्नास वर्षांत बदलत गेला तो देणारा.

७/
यंत्रे वाढली तशी एक यादी पुरेना. नावे एकमेकांशी धडकू लागली आणि यादी सतत उतरवून घेण्याचा भार जाळ्यालाच जड होऊ लागला. १९८३ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेतील पॉल मॉकापेट्रिस यांनी नवी रचना मांडली. एका वहीऐवजी वह्यांचे झाड. मुळाशी एक छोटी वही, तिच्याखाली प्रत्येक शाखेची वही आणि प्रत्येक संस्था आपापल्या फांदीची जबाबदार. आजची डोमेन व्यवस्था ती हीच.

८/
ऑक्टोबर १९८४ मध्ये त्याच संस्थेतील जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनल्ड्स यांनी शाखांची यादी प्रसिद्ध केली : व्यापारासाठी कॉम, शिक्षणासाठी एज्यू, शासनासाठी गव्ह, सैन्यासाठी मिल, इतर संस्थांसाठी ऑर्ग आणि देशांसाठी दोन अक्षरी संकेत. नाव मागणाऱ्याकडून अपेक्षा होत्या त्या उत्तरदायित्वाच्या. नावामागे एक जबाबदार व्यक्ती हवी आणि नावाची चौकशी झाल्यास उत्तर देणारी यंत्रणा भरवशाची हवी. किमतीचा उल्लेख नव्हता.

९/
१५ मार्च १९८५ रोजी पहिले कॉम नाव नोंदले गेले : सिम्बॉलिक्स डॉट कॉम. ही मॅसॅच्युसेट्समधील संगणक बनवणारी कंपनी. नाव विनामूल्य मिळाले, कारण ते कोणी हिसकावून घेईल अशी शंकाच तेव्हा कोणाला आली नसती. जाळे संशोधकांचे होते, बहुतेक जण परस्परांना ओळखत होते आणि व्यापारी वापराला मुख्य वाहिनीवर मज्जाव होता. जिथे गर्दी नसते तिथे कुंपण लागत नाही.

१०/
पोस्टेल यांचा उल्लेख पुन्हा येणार आहे, म्हणून थोडे त्यांच्याविषयी. लांब दाढीचे, शांत स्वभावाचे हे संशोधक १९७० च्या दशकापासून इंटरनेटचे आकडे आणि नावे कोणाला दिली याचा हिशेब सांभाळत होते. मार्च १९९४ मधील एका टिपणात त्यांनी आपली भूमिका लिहून ठेवली आहे. तिचा आशय असा : वरच्या शाखा सांभाळणारे हे समाजाचे विश्वस्त आहेत. त्यांनी हक्काची आणि मालकीची भाषा करू नये, जबाबदारीची आणि सेवेची करावी.

११/
हे टिपण प्रसिद्ध झाले, तोवर काळ फिरला होता. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्न या युरोपीय प्रयोगशाळेने वर्ल्ड वाइड वेब सर्वांसाठी खुले केले. त्याच वर्षी मोझेक ब्राउझर आला. एप्रिल १९९५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने आपली सरकारी मुख्य वाहिनी बंद केली आणि वाहतूक खासगी कंपन्यांकडे गेली. संशोधकांच्या अंगणात बाजार भरला आणि बाजारात पाटीला मोल असते.

१२/
दरम्यान वहीही हलली होती. १९९३ पासून विज्ञान प्रतिष्ठानाशी झालेल्या करारानुसार बिगरलष्करी नावांची नोंदणी व्हर्जिनियातील नेटवर्क सोल्यूशन्स ही खासगी कंपनी पाहू लागली. खर्च प्रतिष्ठान देई, नाव घेणारा काही देत नसे. नियम एकच : जो आधी येईल त्याला आधी. मागणाऱ्याचा त्या नावाशी संबंध काय, हे कोणी विचारत नव्हते.

१३/
या नियमाचे फळ १९९४ साली एका पत्रकाराने जगाला दाखवले. जोशुआ क्विटनर यांच्या लक्षात आले की मॅकडोनाल्ड्स डॉट कॉम अजून कोणीच घेतलेले नाही. त्यांनी ते स्वतःच्या नावावर नोंदवले आणि ‘वायर्ड’ मासिकात त्याची हकिगत लिहिली. अखेर कंपनीने न्यूयॉर्कमधील एका शाळेच्या इंटरनेट जोडणीसाठी ३,५०० डॉलर दिले आणि क्विटनर यांनी नाव सोडले. विनोद गोड होता, पण इशारा स्पष्ट होता.

१४/
त्यानंतर झुंबड उडाली. साबण आणि टूथपेस्ट विकणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने १९९५ साली आजार आणि तक्रारींची नावेही घेऊन ठेवली. त्यांत ‘पिंपल्स’ होते आणि ‘डायरिया’ही होते. सप्टेंबर १९९५ पर्यंत नोंदलेल्या नावांची संख्या सुमारे १ लाख २० हजारांवर गेली. नव्या मागण्यांपैकी सुमारे ९७ टक्के व्यापारी स्वरूपाच्या होत्या. विज्ञानासाठी राखलेला सार्वजनिक पैसा दुकानांच्या पाट्यांवर खर्च होऊ लागला होता.

१५/
१४ सप्टेंबर १९९५ ही आपल्या प्रश्नाची जन्मतारीख. त्या दिवसापासून प्रतिष्ठानाच्या संमतीने नेटवर्क सोल्यूशन्सने शुल्क सुरू केले : पहिल्या दोन वर्षांचे १०० डॉलर, त्यानंतर दरवर्षी ५० डॉलर. शैक्षणिक आणि शासकीय नावांचा भार प्रतिष्ठानानेच उचलला. संशोधकांत संताप उसळला. शुल्काहूनही त्यांना खुपली ती एकाधिकाराची गोष्ट : कॉम हवे असेल तर जगात दुकान एकच.

१६/
या ५० डॉलरचे दोन वाटे होते. ७० टक्के कंपनीचे. उरलेले ३० टक्के इंटरनेटच्या बौद्धिक पायाभूत सुविधांसाठी स्थापन केलेल्या निधीचे. या दुसऱ्या वाट्यावरून खटला उभा राहिला. १९९८ साली वॉशिंग्टनच्या न्यायालयात न्यायाधीश थॉमस होगन यांनी म्हटले की ही रक्कम शुल्क नाही, हा कर आहे. आणि कर बसवण्याचा अधिकार काँग्रेसचा आहे, प्रतिष्ठानाचा नाही.

१७/
कर कोण बसवू शकतो या प्रश्नावरून ज्या देशाचे स्वातंत्र्ययुद्ध पेटले, त्या देशात हा युक्तिवाद हलका नव्हता. काँग्रेसने लगोलग कायदा करून जमा झालेल्या रकमेला मागाहून मान्यता दिली. निधीची वसुली मात्र थांबली आणि वार्षिक शुल्क ५० वरून ३५ डॉलरवर आले. शुल्क आणि कर यांत फरक काय, हा प्रश्न इथे नीट लक्षात ठेवावा. तो शेवटी पुन्हा येणार आहे.

१८/
शुल्कापूर्वीच्या काळाची एक विलक्षण कथा न्यायालयाच्या दप्तरात आहे. मे १९९४ मध्ये गॅरी क्रेमेन यांनी सेक्स डॉट कॉम हे नाव विनामूल्य नोंदवले. पुढच्या वर्षी स्टीफन कोहेन याने खोटे पत्र पाठवले आणि नोंदणी कंपनीने शहानिशा न करता नाव त्याच्या नावे करून टाकले. न्यायालयाने कोहेनवर ६.५ कोटी डॉलरची भरपाई बसवली. तो देश सोडून पळाला. मग क्रेमेन यांनी नोंदणी कंपनीलाच न्यायालयात खेचले.

१९/
२००३ साली अपील न्यायालयाने दिलेला निकाल इतिहासाच्या विद्यार्थ्याने मुळातून वाचावा असा आहे. न्यायालय म्हणाले : क्रेमेन यांनी नावासाठी काहीच मोबदला दिला नव्हता, म्हणून कंपनीशी त्यांचा करारच झाला नाही आणि करारभंगाची तक्रार टिकत नाही. तरीही नाव ही मालमत्ता आहे. दुसऱ्याची मालमत्ता भलत्याच्या हाती दिली तर जबाबदारी येते. फुकट घेतलेले नावही मालमत्ता ठरले, मात्र पैसे न दिल्याने कराराचे कवच मिळाले नाही.

२०/
हीच गोष्ट आपल्याकडेही त्याच सुमारास न्यायालयात पोचली होती. १९९९ साली मुंबईच्या रेडिफ कंपनीने ‘रॅडिफ’ हे नाव घेणाऱ्यांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. फरक एका अक्षराचा होता. न्यायालयाने मनाई हुकूम दिला आणि डोमेन नाव हे नुसत्या पत्त्याहून अधिक आहे, व्यापारचिन्हासारखे संरक्षण त्याला मिळाले पाहिजे, असे मानले. ज्याचे मोल न्यायालय मानते, ते विनामूल्य वाटले जाण्याचे दिवस संपलेच होते.

२१/
मुंबईचा संबंध याहून जुना आहे. भारताचा दोन अक्षरी संकेत ‘इन’ ८ मे १९८९ रोजी नोंदला गेला आणि त्याची वही जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे आली. तिथे गर्दी रोखण्याचे काम किमतीने केले नाही, नियमांनी केले. निकष इतके कडक की १९९२ ते २००४ या काळात सुमारे सात हजारच नावे नोंदली गेली. २००५ च्या आरंभी निक्सी या संस्थेच्या देखरेखीखाली नोंदणी सर्वांना खुली झाली, आणि दार पैशाने उघडू लागले.

२२/
पुन्हा अमेरिकेकडे. जानेवारी १९९८ मध्ये पोस्टेल यांनी मुळाची वही सांभाळणाऱ्या बारापैकी आठ यंत्रांच्या चालकांना एक पत्र लिहिले : यापुढे मूळ प्रत सरकारी कंत्राटदाराकडून घेऊ नका, माझ्या यंत्रावरून घ्या. आठांनीही ऐकले. काही दिवस इंटरनेटचे मूळ अक्षरशः दुभंगलेले होते. अमेरिकी शासनाच्या दबावानंतर पोस्टेल यांनी ही चाचणी असल्याचे सांगून सर्व पूर्ववत केले. वही कोणाची, हा प्रश्न मात्र जगासमोर आला.

२३/
त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयकॅन ही ना-नफा संस्था स्थापन झाली. १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी पोस्टेल यांचे निधन झाले. विश्वस्ताची भाषा बोलणारा माणूस गेला आणि कराराची भाषा बोलणारी संस्था आली. हे मी दोष म्हणून लिहीत नाही. लाखो नावांचा व्यवहार एका माणसाच्या सचोटीवर कायम चालू शकत नव्हता.

२४/
१९९९ पासून एका धंद्याचे दोन धंदे झाले. घाऊक व्यापारी म्हणजे रजिस्ट्री. तिच्याकडे त्या शाखेची मूळ वही. किरकोळ व्यापारी म्हणजे रजिस्ट्रार. आपण नाव घेतो ते त्याच्याकडून. किरकोळ दुकाने अनेक झाली आणि त्यांच्यात चढाओढ लागून दर घसरले. घाऊक दर २००० साली नावामागे ६ डॉलर ठरला. आयकॅन आपला हिस्सा घेते. तो पुढे दीर्घकाळ व्यवहारामागे १८ सेंट राहिला. आपले हजार रुपये या तिघांत वाटले जातात.

२५/
आता कॉमच्या वहीचे मोल पाहा. मार्च १९९५ मध्ये, शुल्क सुरू होण्याच्या सहा महिने आधी, साइक कंपनीने नेटवर्क सोल्यूशन्स विकत घेतली ती सुमारे ४७ लाख डॉलरला. मार्च २००० मध्ये व्हेरीसाइन कंपनीने तीच घेण्याचा करार जाहीर केला, तो सुमारे २,१०० कोटी डॉलरच्या समभागांचा. तो डॉटकॉम तेजीचा कळस होता, हे खरे. तरी पाच वर्षांत जे बदलले त्यात सर्वांत मोठी गोष्ट एकच : वहीवर किंमत लागली होती.

२६/
पुढे व्हेरीसाइनने किरकोळ दुकान विकून टाकले आणि घाऊक वही जवळ ठेवली. त्यात शहाणपण होते. किरकोळीत स्पर्धा, घाऊकीत कोणीच नाही. २०१२ मध्ये अमेरिकी वाणिज्य खात्याने घाऊक दर ७.८५ डॉलरवर गोठवला. २०१८ मध्ये वाढीची मुभा पुन्हा दिली. सप्टेंबर २०२४ पासून तो १०.२६ डॉलर झाला. या काळात संगणक आणि साठवण स्वस्त होत गेली, नाव महाग होत गेले. २०२३ साली कंपनीचा महसूल सुमारे १४९ कोटी डॉलर होता आणि कार्यकारी नफा सुमारे १०० कोटी.

२७/
मग सारे विनामूल्य करावे का? ते करून पाहिले गेले आहे. पॅसिफिक महासागरातील टोकेलाऊ ही तीन प्रवाळबेटांची वस्ती. लोकसंख्या दीड हजारांच्या आसपास. तिच्या ‘टीके’ शाखेची नावे एका कंपनीने फुकट वाटली. एके काळी देशसंकेतांमध्ये ती जगातील सर्वांत मोठी शाखा ठरली, आणि फसवणुकीच्या संकेतस्थळांसाठी कुप्रसिद्धही झाली. २०२३ मध्ये फेसबुकच्या मालक कंपनीने तिला न्यायालयात खेचले. २०२४ मध्ये फुकट वाटणारी कंपनी धंद्यातून बाहेर पडली.

२८/
दुसरा प्रयोग नकळत झाला. नाव घेतल्यावर पाच दिवसांत परत केल्यास पूर्ण पैसे मिळत, अशी सवलत होती. उद्देश चुकून घेतलेले नाव सोडता यावे हा. २००५ नंतर काही जण लाखो नावे घेत, पाच दिवस जाहिराती लावून पाहत आणि निरुपयोगी नावे परत करत. आयकॅनने २००८ मध्ये अशा अतिरेकी परतीवर प्रत्येक नावामागे केवळ २० सेंट लावायला सुरुवात केली. दहा महिन्यांत या परती ९९.७ टक्क्यांनी घटल्या. काही आण्यांनी गर्दी पांगली.

२९/
आणि किमतीचा सदुपयोगही झाला आहे. तुवालू हे सुमारे ११ हजार वस्तीचे बेटराष्ट्र. त्याला योगायोगाने मिळालेला संकेत ‘टीव्ही’. त्याच्या हक्कांसाठी बारा वर्षांत ५ कोटी डॉलर देण्याचा करार झाला. त्या उत्पन्नाच्या आधारे सदस्यत्वाचा खर्च परवडू लागला आणि सप्टेंबर २००० मध्ये तुवालू संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. दोन अक्षरांच्या भाड्यातून एका राष्ट्राला जगाच्या सभेत आसन मिळाले.

३०/
उलट बाजूही अलीकडचीच. ऑर्ग ही सेवाभावी संस्थांची शाखा एका ना-नफा संस्थेकडे आहे. २०१९ मध्ये आधी ऑर्गच्या दरावरील मर्यादा उठवली गेली आणि काही महिन्यांतच ती संस्था एका खासगी गुंतवणूक कंपनीला ११३.५ कोटी डॉलरला विकण्याचा घाट घातला गेला. जगभरातून विरोध झाला. ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनने परवानगी नाकारली. विश्वस्त की मालक, हा पोस्टेल यांचा प्रश्न सव्वीस वर्षांनीही जिवंत होता.

३१/
आता उत्तर जुळवता येते. आपण भरतो त्या रकमेत तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत. पहिली, वही ठेवण्याचा खरा खर्च. तो फाइनलर यांच्या काळापासून आहे आणि नावागणिक पाहिल्यास फार थोडा आहे. दुसरी, हव्यासाला लावलेला लगाम. तो थोडासा असला तरी पुरतो, हे वीस सेंटांनी दाखवले. तिसरी, एकमेव वही हाती असणाऱ्याने घेतलेले भाडे. पहिली दोन न्याय्य वाटतात. तिसरीचा हिशेब विचारत राहिले पाहिजे.

३२/
होगन यांच्या न्यायालयातील प्रश्न तो हाच. सेवेच्या खर्चाइतके घेतले तर ते शुल्क. त्याहून अधिक, आणि टाळता न येणारे, घेतले तर त्याला काय म्हणायचे? व्यवहारात कॉम सोडून दुसरे नाव घेता येते, असे उत्तर दिले जाते. नवे दुकान काढणाऱ्याला ते लागू पडते. ज्याचे नाव वीस वर्षे लोकांच्या तोंडी आणि पुस्तकांच्या तळटीपांत आहे, त्याला ते लागू पडत नाही. पत्ता जितका जुना, तितका धारक बांधलेला.

३३/
आणि माझा तिसरा प्रश्न : एका वर्षी न भरल्यास नाव आपले का राहत नाही? कारण ते कधीच पूर्णपणे आपले नव्हते. कॉम नाव एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठीच घेता येते. कायमचे विकत मिळतच नाही. न्यायालये त्याला मालमत्ता म्हणतात, करारपत्र त्याला मुदतीची नोंदणी म्हणते. आपण कुळासारखे आहोत : वहिवाट आपली, पण खंड चुकला की दुसरा उभा.

३४/
मुदत असण्यामागे तथ्यही आहे. धारक मरतात, संस्था बंद पडतात. सोडून दिलेली नावे पुन्हा वापरात यायला हवीत. पण या व्यवस्थेत दुकानाची पाटी आणि दस्तऐवजाचा पत्ता यांत फरकच केलेला नाही. १९८४ च्या रचनेत नावामागे ‘जबाबदार व्यक्ती’ हवी होती. आज ती जागा बँक कार्डाने घेतली आहे. कार्ड संपले की जबाबदारीही संपली, असे व्यवस्था गृहीत धरते. आमच्या वीरगळांच्या बाबतीत तसेच झाले.

३५/
म्हणून संशोधक मित्रांसाठी चार गोष्टी. नाव व्यक्तीच्या नव्हे, संस्थेच्या नावे नोंदवा. स्मरणपत्रे किमान दोन जणांना जातील असे पाहा. शक्य तितक्या अधिक वर्षांचे शुल्क एकदम भरा. आणि तळटीपेत केवळ पत्ता देऊ नका. त्या पानाची प्रत इंटरनेट अर्काइव्हसारख्या संग्रहात ठेवून तिचाही पत्ता द्या. आमच्या अकरा तळटीपांपैकी सात पाने तिथेच सापडली, कोणा अनामिकाने जतन केलेली.

३६/
२०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ अशी नावे घेता येतात. मराठी आणि कोकणी त्यात आहेत. आम्ही या वेळी दोन नावे घेतली, एक त्यातले. दोन हजार डॉलर दिले नाहीत. गेल्या महिन्यात दोन गावांना जाऊन तिथल्या ग्रंथालयांत छापील यादीही ठेवून आलो. एका आजोबांनी विचारले, “पोरांनो, हा दगड सहाशे वर्षं इथं उभा आहे. तुमचा पत्ता किती वर्षांचा?” मी सांगितले, “दहा.” ते म्हणाले, “मग कागद आमच्याकडंच राहू दे.”

(धागा समाप्त. शंका आणि दुरुस्त्या जरूर कळवा.)